पटकन बघता येईल असं कमांड-लाईन डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

टर्मिनल उघडं आहे, अर्धी कमांड टाईप झालीये, सर्व्हरवर काम अडलंय आणि एक फ्लॅग, म्हणजे कमांडपुढे डॅश लावून द्यायचा पर्याय, काही केल्या आठवत नाहीये. कमांड-लाईन टूलचं डॉक्युमेंटेशन उघडणाऱ्या बहुतेकांची अवस्था अशीच असते. त्यांना टूल शिकायचं नसतं, ते रोजच्या वापरातलं असतं, फक्त एक ओळ हवी असते जी उचलून टाकली की काम पुढे सरकेल. आणि आपण त्यांच्यासमोर ठेवतो काय, तर टूल का बनवलं, मग इन्स्टॉल कसं करायचं, मग फ्लॅग्सची ए पासून झेड पर्यंत यादी, आणि उदाहरणं असलीच तर पार तळाला. हे बदलता येतं आणि त्यासाठी सगळं नव्याने लिहायची गरज नसते, आहे त्यावर एक पातळ थर चढवायचा असतो. तो कसा चढवायचा ते इथे सांगतोय. कमांड्स आपण बोलताना म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाईप करायच्या.

आधी एक गोष्ट, मॅन पेजला, म्हणजे टर्मिनलमध्येच उघडणाऱ्या टूलच्या पूर्ण मॅन्युअलला, हात लावू नका. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं, आणि त्यातली नेम, सिनॉप्सिस, डिस्क्रिप्शन, फाइल्स, सी ऑल्सो, बग्ज ही मांडणी आजही चालू आहे. आपल्या टूलमध्ये काय बिघडतं हे आपल्याच मॅन्युअलमध्ये बग्ज म्हणून उघड लिहायची ती पद्धत मला आजही फार मोलाची वाटते. मॅन पेज पूर्ण असायलाच हवं, एकही फ्लॅग सुटता कामा नये, कारण शेवटी शंका आली की माणूस तिथेच जातो. अडचण एवढीच की लिनक्सच्या मॅन पेजेससाठी हेडिंग्जचा जो क्रम ठरलाय त्यात एक्झाम्पल्स हे बग्जच्याही नंतर येतं, म्हणजे घाईत आलेल्या माणसाला जे सगळ्यात आधी हवं ते सगळ्यात खाली. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी लिहायच्या, एक पूर्ण संदर्भ आणि एक झटपट पान, आणि झटपट पानात पूर्ण संदर्भाचा पत्ता द्यायचा.

आधी प्रश्न गोळा करा

लिहायला बसायच्या आधी लोक खरंच काय विचारतात ते बघायचं. टूल टीमपुरतंच असेल तर टीमच्या ग्रुपवर टूलचं नाव सर्च करा, "अरे फक्त आजचे लॉग कसे काढायचे", "रीस्टार्ट न करता कॉन्फिग लोड होतो का", असे मेसेज सापडतात, तेच तुमचे विषय. ओपन सोर्स असेल तर इश्यू ट्रॅकरमध्ये जे इश्यू मुळात बग नसून प्रश्न होते ते वाचा. आणि स्वतःच्या शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, हिस्टरी बघा. त्यात टूलचं नाव ग्रेप केलं, म्हणजे ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडने शोधलं, की कोणते फ्लॅग परत परत लागतात ते लगेच दिसतं, आणि अजून एक कामाची गोष्ट दिसते, एकच कमांड लागोपाठ चार-पाच वेळा थोडी थोडी बदलून चालवलेली असते, म्हणजे तिथे माणूस चाचपडत होता. ती जागा झटपट पानावर आलीच पाहिजे.

यातून जी यादी निघेल ती कापायची. टीएलडीआर पेजेस नावाचा जो प्रोजेक्ट २०१३ पासून चालू आहे त्यांनी एका कमांडच्या पानावर जास्तीत जास्त आठ उदाहरणं असा नियम ठेवलाय, आणि तो मला पटतो, कारण आठच्या वर गेलं की डोळ्याला परत शोधाशोध करावी लागते आणि मग मॅन पेजच काय वाईट होतं. कमी वापराच्या गोष्टी सोडून देताना जीवावर येतं, विशेषतः तो फ्लॅग आपणच कष्टाने लिहिलेला असला की, पण त्या पूर्ण संदर्भात आहेतच ना, मग इथून काढायला हरकत नाही.

हेडिंग कामाचं द्या, फ्लॅगचं नको

हा भाग नीट सांगतो कारण सगळा फरक इथेच पडतो. आरसिंक घ्या, फायली कॉपी-सिंक करायचं टूल, सर्व्हरवर काम करणारे जवळपास सगळे वापरतात. त्याच्या मॅन पेजमध्ये -ए या फ्लॅगपुढे लिहिलंय की हा आर्काइव्ह मोड म्हणजे -आरएलपीटीजीओडी. हे शंभर टक्के बरोबर आहे आणि ज्याला माहितीये त्याला एका ओळीत सगळं कळतं, सबफोल्डर, सिमलिंक, परमिशन, वेळ, ग्रुप, ओनर, डिव्हाइस फायली. पण ज्याच्या डोक्यात "मला फोटोंचा बॅकअप घ्यायचाय" एवढंच आहे त्याला त्या सात अक्षरांचा काय उपयोग? त्याच्या डोक्यात फ्लॅग नाहीये, काम आहे. त्यामुळे झटपट पानावर हेडिंग त्या कामाचं द्यायचं आणि त्याखाली कमांड:

फोटो फोल्डरमधल्या फायली बॅकअपमध्ये कॉपी करा:
आरसिंक -ए फोटो/ बॅकअप/
निकाल: बॅकअप/गणपती.जेपीजी

फोटो हे अख्खं फोल्डर बॅकअपमध्ये कॉपी करा:
आरसिंक -ए फोटो बॅकअप/
निकाल: बॅकअप/फोटो/गणपती.जेपीजी

दोन कमांड्समध्ये फरक फक्त एका स्लॅशचा. सोर्सच्या शेवटी स्लॅश असला तर आतल्या वस्तू जातात, नसला तर फोल्डरसकट जातं. आरसिंक वापरणारे जुनेजाणते लोकही इथे थबकतात, आणि मॅन पेजमध्ये हे परिच्छेदात नीट समजावलेलं आहे पण परिच्छेद वाचायला वेळ कुणाला असतो. दोन उदाहरणं एकाखाली एक ठेवली आणि प्रत्येकाखाली निकालाची एक ओळ दिली की समजावून सांगायची गरजच उरत नाही, डोळे आपोआप फरक पकडतात. ही निकालाची ओळ फार लोक देत नाहीत, पण माझ्या मते झटपट पानावर सगळ्यात जास्त कमाई तिचीच आहे, कारण कमांड चालवायच्या आधी माणसाला खात्री पटते की हो, मला हेच हवं होतं.

क्रम लावताना अक्षरांचा क्रम लावायचा नाही, जे सगळ्यात जास्त लागतं ते वर. अक्षरांच्या क्रमाची यादी मॅन पेजमध्ये हवीच, कारण तिथे माणूस दुसऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये दिसलेला एखादा अनोळखी फ्लॅग शोधायला येतो.

पुसणारी कमांड असेल तर इशारा कमांडच्या आधी

घाईतला माणूस वरून खाली वाचतो आणि कमांड दिसली की तिथेच थांबतो, उचलतो, टाकतो. त्यामुळे "टीप: यामुळे फायली डिलीट होतात" ही ओळ कमांडच्या खाली असेल तर ती वाचली जाईपर्यंत फायली गेलेल्या असतात. आरसिंकचंच पुढचं उदाहरण बघा, ते मी असं लिहीन:

बॅकअप हुबेहूब फोटोसारखा करा. बॅकअपमध्ये जे आहे पण फोटोमध्ये नाही ते कायमचं पुसलं जाईल. आधी यादी बघा:
आरसिंक -ए --डिलीट --ड्राय-रन --व्हर्बोज फोटो/ बॅकअप/
यादी बरोबर असेल तरच:
आरसिंक -ए --डिलीट फोटो/ बॅकअप/

इथे परत स्लॅश महत्त्वाचा होतो. बॅकअपमध्ये आधीपासून व्हिडिओ नावाचं फोल्डर असेल आणि तुम्ही फोटो/ असं स्लॅश लावून --डिलीट दिलंत तर व्हिडिओ फोल्डर उडालं, कारण आरसिंकच्या दृष्टीने ते सोर्समध्ये नाहीये. हे एक वाक्य त्या जागी लिहिलेलं असलं तर कुणाचं तरी वर्षभराचं काम वाचतं, म्हणून मी इशाऱ्याच्या बाबतीत जागेची कंजुषी करायची नाही असंच म्हणेन, बाकी सगळीकडे करा. ड्राय-रन म्हणजे खरं काही न करता काय होईल ते फक्त दाखवणं. ती ओळ पहिली ठेवायची म्हणजे ज्याने न वाचता पहिलीच कमांड उचलली त्याचंही नुकसान होत नाही. तुमच्या स्वतःच्या टूलमध्ये ड्राय-रनच नसेल तर डॉक्युमेंटेशन थांबवून आधी तो फ्लॅग घाला.

असाच दुसरा सापळा फाइंडचा, फायली शोधायच्या टूलचा. फाइंडमध्ये ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे तपासलं जातं, त्यामुळे -डिलीट आधी आणि -नेम नंतर लिहिलं तर नाव बघायच्या आधीच सगळं पुसून मोकळं. इथे "क्रम महत्त्वाचा आहे" असं नुसतं लिहून भागत नाही, "-डिलीट नेहमी सगळ्यात शेवटी" असं लिहायचं, म्हणजे काय करायचं ते कळतं.

उचलून टाकता आली पाहिजे

आता कॉपी-पेस्टबद्दल, कारण झटपट पान वापरलं जातं ते असंच. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह देऊ नका, बघायला ते छान दिसतं पण ते सोबत कॉपी होतं आणि शेल म्हणतो कमांड नॉट फाउंड. रूट म्हणून, म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार घेऊन, चालवायचं असेल तर हॅशचं चिन्ह तर अजिबात नको, कारण बॅश या नेहमीच्या शेलमध्ये तिथून पुढे सगळी कॉमेंट, म्हणजे कमांड पेस्ट होते, एंटर होतो, काहीच घडत नाही आणि एररही येत नाही. सरळ सुडो लिहा. आउटपुट दाखवायचं असेल तर ते वेगळ्या ब्लॉकमध्ये, कमांडच्या ब्लॉकमध्ये फक्त कमांड.

दुसरं म्हणजे डॅश आणि कोट. वर्डमध्ये किंवा आयफोनवर टाईप केलं की दोन डॅशचा एक लांब डॅश होतो, सरळ कोटचे वळणदार कोट होतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की दोन स्टार्सच्या मधला मजकूर ठळक होऊन स्टारच दिसेनासे होतात. दिसायला कमांड बरोबर, चालवायला गेलं की एरर, आणि डोळ्याने फरक दिसत नाही म्हणून माणूस अर्धा तास डोकं धरून बसतो. म्हणून कमांड कायम कोड ब्लॉकमध्येच लिहायची, चॅटमध्येसुद्धा. मॅन पेज हाताने रॉफमध्ये, म्हणजे मॅन पेजच्या फॉरमॅटिंगच्या भाषेत, लिहीत असाल तर तिथेही हे आहे, नुसता डॅश लिहिला तर काही सिस्टिम्सवर तो हायफन म्हणून छापला जातो आणि कॉपी केल्यावर चालत नाही, डॅशच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा.

बदलायच्या जागा कशा दाखवायच्या यावर वाद होतात. कोनी कंस, म्हणजे लेस दॅन आणि ग्रेटर दॅनची चिन्हं, खूप लोक वापरतात पण उदाहरणात ती नकोत, कारण शेलच्या भाषेत तीच चिन्हं रीडायरेक्शनची आहेत, आणि कुणी न बदलता पेस्ट केलं तर भलतीच फाईल उघडायला किंवा लिहायला जाईल. टीएलडीआरवाले दुहेरी महिरपी कंस वापरतात. मला स्वतःला खऱ्यासारखी नावं आवडतात, फोटो/, रिपोर्ट.सीएसव्ही, असं काहीतरी, कारण अमुक-तमुक, एक्स-वाय-झेड पेक्षा खरं नाव असलं की कुठला भाग आपला आणि कुठला टूलचा ते पटकन कळतं. फक्त सर्व्हरचं नाव किंवा आयपी देताना मनाने काहीही देऊ नका, तो पत्ता खरोखर कुणाचा तरी निघू शकतो. डॉक्युमेंटेशनसाठी एक्झाम्पल डॉट कॉम राखून ठेवलेलं आहे आणि आयपीमध्ये १९२.०.२ पासून सुरू होणारे पत्ते याच कामासाठी बाजूला काढलेले आहेत, तेच वापरा.

छोटे फ्लॅग की मोठे? माझं मत, जिथे दोन्ही आहेत तिथे झटपट पानावर मोठे, कारण --ड्राय-रन वाचलं की कळतं आणि -एन वाचलं की परत शोधावं लागतं. अपवाद जिथे सगळं जग छोटेच वापरतं, जसं फायली एकत्र बांधायचं टूल टार. पण मग छोट्यांचा धोका लिहायला हवा. टारमध्ये -एफ नंतर लगेच फाईलचं नाव लागतं, त्यामुळे -सीझेडएफ बरोबर आणि -सीएफझेड चूक, दुसऱ्या प्रकारात टार झेड नावाची फाईल बनवतो आणि तुम्ही दिलेलं आर्काइव्हचं नाव ही आत घालायची फाईल समजून शोधत बसतो, मग ती सापडत नाही म्हणून ओरडतो. "एफ नेहमी शेवटी" ही एवढीशी ओळ टारच्या पानावर असली की बास.

टूलचं स्वतःचं हेल्प

झटपट पान वेबवर कितीही चांगलं असू दे, माणूस पहिल्यांदा --हेल्पच मारतो, आणि बऱ्याच सर्व्हरवर इंटरनेट नसतं तिथे दुसरा पर्यायही नसतो. कर्लने, म्हणजे इंटरनेटवरून डेटा आणायच्या-पाठवायच्या टूलने, यात मोठं काम केलंय. कर्लला दोनशेच्या वर ऑप्शन्स आहेत आणि आधी --हेल्प मारलं की ते सगळे स्क्रीनवरून धो धो वाहून जायचे. २०२० मध्ये ७.७३.० व्हर्जनपासून त्यांनी नुसत्या --हेल्पवर महत्त्वाचे मोजकेच दाखवायला सुरुवात केली, बाकीचे विषयवार कॅटेगरीत ठेवले, आणि ज्याला सगळंच हवं त्याने --हेल्प ऑल म्हणायचं. गिटचं, म्हणजे कोडच्या व्हर्जन्स सांभाळणाऱ्या टूलचं, वेगळं आहे, गिट कमिट -एच म्हटलं की तिथेच छोटी यादी येते आणि गिट कमिट --हेल्प म्हटलं की पूर्ण मॅन पेज उघडतं. दोन्ही पद्धती चालतात, कुठली घ्यायची ते तुमच्या टूलच्या आकारावर ठरवा, फक्त एका स्क्रीनमध्ये मावेल असं काहीतरी पहिल्यांदा समोर आलं पाहिजे. ओळी ऐंशी कॅरेक्टरच्या आत ठेवा, लोक स्क्रीन अर्धी करून काम करतात.

हेल्पच्या मजकुरात युसेजची ओळ वर असतेच, तिच्या लगेच खाली दोन-तीन उदाहरणं टाका, फ्लॅग्सच्या यादीच्या आधी. फार कमी टूल्स असं करतात आणि जी करतात ती वापरायला किती बरं वाटतं ते एकदा बघा. शेवटच्या ओळीत पूर्ण माहिती कुठे आहे ते लिहा.

इथे एक तांत्रिक बाब आहे जी डॉक्युमेंटेशनवाल्याने प्रोग्रॅमरकडून करून घ्यायला हवी. कुणी मुद्दाम --हेल्प मागितलं तर मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर जायला हवा आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना यश-अपयश सांगणारा आकडा, शून्य, ग्नू या फ्री सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या नियमावलीत तसं सांगितलेलंच आहे. स्टँडर्ड एररवर, म्हणजे एररसाठीच्या वेगळ्या वाटेवर, गेला तर लोकांना तो लेसमध्ये, म्हणजे पान पान करून वाचायच्या टूलमध्ये, वाचता येत नाही, ग्रेप करता येत नाही. उलट चुकीचा फ्लॅग दिला म्हणून काही सांगायचं असेल तर ते स्टँडर्ड एररवर, आणि त्या वेळी अख्खं हेल्प ओतू नका, कारण काय चुकलं ती ओळ वर निघून जाते. काय चुकलं ते सांगा आणि जवळचा पर्याय सुचवा, गिटमध्ये स्टेटसचं स्पेलिंग चुकलं की ते स्वतः सांगतं सगळ्यात जवळची कमांड स्टेटस आहे, तसं.

युसेजच्या ओळीतल्या खुणा आपल्याला पाठ असतात म्हणून आपण गृहीत धरतो. चौकोनी कंसातलं ऐच्छिक, उभी रेघ म्हणजे यातलं एक, तीन टिंबं म्हणजे परत परत देता येतं. नवीन टूल असेल तर ही एक ओळ पानाच्या तळाशी देऊन टाका, जागा जात नाही.

शोधणाऱ्याच्या शब्दांत सापडलं पाहिजे

मॅन पेजमधल्या नेम या हेडिंगखाली टूलचं नाव, डॅश आणि एका ओळीत वर्णन असतं. ती ओळ नुसती शोभेची नाही, अप्रोपोस आणि व्हॉटइज या कमांड्स तिच्यातच शोधतात. म्हणजे कुणी अप्रोपोस बॅकअप असं मारलं आणि तुमच्या ओळीत "हाय परफॉर्मन्स डेटा मूव्हमेंट युटिलिटी" असं लिहिलेलं असेल तर तुमचं टूल सापडणारच नाही. कॉपी, सिंक, बॅकअप, कॉम्प्रेस असे साधे शब्द तिथे हवेत. आणि ओळीची मांडणी चुकली, डॅश राहिला वगैरे, तर इंडेक्समध्ये ती येतच नाही, इन्स्टॉल केल्यावर एकदा व्हॉटइज मारून बघा.

मॅन पेज लेसमध्ये उघडतं आणि लोक स्लॅश दाबून फ्लॅग शोधतात. -एन असा शोध घेतला की मजकुरात जिथे जिथे -एन चा उल्लेख आहे तिथे तिथे तो थांबतो. म्हणून प्रत्येक फ्लॅगची व्याख्या नव्या ओळीवर, सुरुवातीलाच फ्लॅग, अशी ठेवा, मग जाणकार माणूस ओळीच्या सुरुवातीचाच शोध घेऊन थेट पोचतो.

एरर मेसेज जसाच्या तसा लिहा. माणूस एररची ओळ उचलून सर्चमध्ये टाकतो, आणि आपण मात्र "परवानगीची अडचण आल्यास" असं गोड लिहून ठेवतो, ते कुठे सापडणार. तीन-चार नेहमीच्या एरर शब्दशः, त्यांच्यापुढे उपाय, इतकं पुरतं.

आपल्याकडे टीमच्या अंतर्गत नोट्स मराठीत किंवा मिसळ भाषेत असतात, कॉलेजच्या लॅबमध्ये पण, आणि ते चांगलंच आहे, "लॉग बघायचेत", "डेटाबेस परत चढवायचाय" असं हेडिंग असलं की ज्युनिअर पोरं न घाबरता वाचतात. फक्त कमांड, फ्लॅग आणि एरर यांना हात लावायचा नाही, ते मूळ इंग्रजीतच ठेवायचं, आणि मराठी हेडिंगच्या शेजारी नेहमीचा इंग्रजी शब्दही टाकायचा, कारण सर्च करताना एकजण लॉग शोधेल आणि दुसरा नोंदी.

कुठल्या मशीनवर, कुठल्या व्हर्जनला

सेड या मजकूर बदलायच्या टूलचं -आय हे याचं ठसठशीत उदाहरण. लिनक्सवर सेड -आय दिलं की फाईल जागच्या जागी बदलते. मॅकवर त्याच -आय पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामे कोट. लिनक्सवरची कमांड तशीच मॅकवर टाकली तर तो बदलाची सूचनाच एक्स्टेन्शन समजतो, फाईलचं नाव सूचना समजतो आणि न कळणारी एरर देतो. अर्धी टीम मॅकवर आणि सर्व्हर लिनक्सवर, हे आता सगळीकडे आहे, तेव्हा जिथे फरक आहे तिथे दोन्ही ओळी द्या, जिथे नाही तिथे काहीच लिहू नका. तसंच व्हर्जनचं, गिट स्विच २०१९ च्या २.२३ पासून आलं, जुन्या सर्व्हरवर नसेल, तर तेवढा आकडा कमांडशेजारी.

स्क्रिप्टमध्ये वापरणाऱ्यांसाठी एक्झिट कोडची एक ओळ नक्की द्या. ग्रेपला सापडलं तर ०, सापडलं नाही तर १, आणि खरी एरर असेल तर २. हे माहीत नसलं की एररवर थांबणारी स्क्रिप्ट "काही सापडलं नाही" या अगदी साध्या कारणाने मध्येच मरते आणि रात्रीचा जॉब सकाळी अर्धवट दिसतो.

खरं राहिलं पाहिजे

जुनं झालेलं झटपट पान हे पान नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवून पेस्ट करतात. म्हणून उदाहरणं कोडच्याच रेपोमध्ये ठेवा, फ्लॅग बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच, म्हणजे बदल तपासायला पाठवतात त्यातच, उदाहरण बदललेलं असायला हवं, नाहीतर मर्ज नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पानावरची प्रत्येक कमांड टेस्टमध्ये आपोआप चालवायची, रिकामं टेम्पररी फोल्डर बनवायचं, त्यात दोन-चार फायली टाकायच्या, कमांड चालवायची आणि पानावर लिहिलेला निकाल येतो का ते बघायचं. निकालाची ओळ द्यायचा हा दुसरा फायदा. हेल्प आणि मॅन पेज दोन ठिकाणी लिहिणं जड जात असेल तर हेल्प-टू-मॅन नावाचं टूल आहे, ते --हेल्पच्या मजकुरातूनच मॅन पेज बनवतं, साध्या टूलसाठी तेवढं पुरे होतं.

आणि पान तयार झालं की टूल थोडंफार माहीत असलेल्या एका माणसाला शेजारी बसवा, एक काम सांगा, "कालच्यापेक्षा जुन्या फायली सोडून बाकीच्या तिकडे पाठव" असं काहीतरी, फ्लॅगचं नाव तोंडातून काढू नका आणि गप्प बसून बघा. तो कुठे स्क्रोल करतो, कुठल्या हेडिंगवर डोळे थांबतात, कुठली ओळ उचलतो आणि पेस्ट केल्यावर काय बदलतो. मध्ये बोलायचा मोह होतो, पण बोललात की टेस्ट संपली. तो जे शब्द पुटपुटतो ते लिहून घ्या, बरेचदा तेच हेडिंग म्हणून जास्त चांगले असतात.

राहता राहिले बंद झालेले फ्लॅग. ते पानावरून लगेच उडवू नका, कारण लोकांच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ते अजून आहेत आणि तो जुना फ्लॅग शोधतच कुणीतरी इथे येणार आहे. पानाच्या तळाला जुनं नाव, त्यापुढे नवं नाव आणि कुठल्या व्हर्जनला बदललं तो आकडा, अशी एकेक ओळ ठेवा, आणि टूलने तो फ्लॅग ओळखणं पूर्ण बंद केल्यावरसुद्धा पुढच्या एखाद्या मोठ्या व्हर्जनपर्यंत ती ओळ तशीच राहू द्या.